जुन्या खेळांचे चित्र हातातल्या पडद्यावर कसे बसवावे

१ मे १९९९ रोजी परभणीपासून विलग होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या आगची-मागची पाच-सात वर्षे ज्यांच्या बालपणात पडली, त्यांना टीव्हीला वायर जोडून खेळावयाचा तो व्हिडिओ गेम, त्याच्या पिवळ्या कॅसेटी, कॅसेट लागेना म्हणजे तिच्या तोंडात घालावयाची फुंकर आणि ऐन रंगात आलेला डाव वीज गेल्याने बुडाल्याची हळहळ, यांचा निराळा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथली ती मुले आता चाळिशीच्या आसपास पोचली असून, त्यांपैकी कित्येकांच्या हाती, स्वतःच्या हौसेसाठी म्हणा वा लेकरांच्या निमित्ताने म्हणा, तळहाताएवढे एक यंत्र आले आहे. त्यात एम्युलेटर नावाच्या प्रणालीच्या योगे ते सर्व खेळ चालतात, आणि ज्यांचे नावही त्या काळी आपल्या बाजारपेठेपर्यंत आले नव्हते असे शेकडो खेळही चालतात. यंत्र येते, खेळ सुरू होतो, आणि पहिल्या उत्साहाचा भर ओसरला म्हणजे ध्यानात येते की चित्रात कोठेतरी काहीतरी बिघडले आहे: मारिओ आडवा सुजला आहे, अक्षरांच्या काही काड्या जाड व काही बारीक आहेत, किंवा सगळ्याच चित्राच्या कडा पुसट झाल्या आहेत. यंत्र सदोष मानून ते परत पाठविण्याच्या विचारात कोणी वाचक असतील, तर त्यांनी तूर्त थांबावे.

या दोषांचे मूळ बहुधा एकाच गोष्टीत असते. जुने लहान चित्र नव्या पडद्यावर किती पटीने वाढवावे याचा निर्णय यंत्राने परस्पर घेतलेला असतो, आणि तो घेताना पडद्याचा कोणताही कोपरा रिकामा राहू नये, एवढा एकच निकष त्याने लावलेला असतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. काळी पट्टी दिसली की आपल्याला पुरता पडदा मिळाला नाही, असे गिऱ्हाइकास वाटते. परंतु खेळणाऱ्याने प्रश्नाचा क्रम उलटा लावावा, असे माझे मत आहे: आपल्या यंत्राचा पडदा केवढा हे मागाहून पाहावे, हा खेळ मुळात कोणत्या पडद्यासाठी रंगविला गेला, ते आधी विचारावे. या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की पुढील सर्व तजवीज साध्या गुणाकाराने होते.

जुन्या खेळांची या दृष्टीने दोन घराणी पडतात. पहिले घराणे टीव्हीचे. आपल्याकडे ज्याच्या नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघर गेल्या तो निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. त्याचे चित्र २५६ ठिपके रुंद व २४० ठिपके उंच. त्याच्या पाठचा सुपर निन्टेन्डो बहुतेक खेळांत २५६ × २२४, सेगाचा मेगा ड्राइव्ह बहुधा ३२० × २२४, आणि पहिला प्लेस्टेशन खेळ चालू असताना सर्वसाधारणपणे ३२० × २४०. दुसरे घराणे तळहाताचे: १९८९ चा गेम बॉय व १९९८ चा गेम बॉय कलर, दोघांचाही पडदा १६० × १४४, आणि २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २४० × १६०. दोन घराण्यांतला खरा भेद आकड्यांचा नसून ठिपक्याच्या आकाराचा आहे. तळहाताच्या यंत्रात पडदा यंत्रालाच जडलेला असे, त्याचा प्रत्येक ठिपका चौरस असे, आणि चित्रकाराने काढलेले वर्तुळ खेळणाऱ्यास वर्तुळच दिसे. टीव्हीच्या यंत्रात मात्र चित्र आधी संकेताच्या रूपाने तारेतून जाई आणि मग चारास तीन या प्रमाणाच्या काचेवर पसरे, त्यामुळे त्याचा ठिपका चौरस राहत नसे. फॅमिकॉमच्या बाबतीत जपानी-अमेरिकी पद्धतीच्या टीव्हीवर ठिपक्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण आठास सात असे पडते. म्हणजे २५६ ठिपक्यांची रुंदी पडद्यावर सुमारे २९३ चौरस ठिपक्यांइतकी भरते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने, म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदास ५० फील्ड या हिशेबाने. जपान व अमेरिका यांचा हिशेब ५२५ रेषा आणि सुमारे ६० फील्ड असा होता. ५० च्या तालावर चालणाऱ्या ज्या नकली यंत्रांवर आपल्याकडील मुले खेळली, त्यांत २४० रेषांचे चित्र सुमारे २८८ रेषांच्या जागेत बसवावे लागत असल्यामुळे ते उंचीला सहाव्या हिश्श्याने कमी भरे, आणि सेकंदास ६० ऐवजी ५० चित्रे निघत असल्यामुळे खेळ व त्याचे संगीत ही दोन्ही तितक्याच हिश्श्याने संथ होत. सारांश, कळमनुरीच्या मुलाने पाहिलेला मारिओ हा ओसाकाच्या मुलाने पाहिलेल्या मारिओपेक्षा अंमळ बुटका आणि अंमळ आळशी होता. आज एम्युलेटरवर तोच खेळ जपानी वेगाने सुरू झाला म्हणजे काहींना तो ‘पळवल्यासारखा’ वाटतो, त्याचे कारण हेच. आपल्या आठवणीतला बुटका मारिओ मुद्दाम उभा करणेही अशक्य नाही, आणि त्यात कोणाला आनंद वाटला तर आक्षेप घेण्याचे कारण नाही. तथापि माप ठरविताना रंगविणाऱ्यासमोर जो पडदा होता तोच प्रमाण मानावा, हे मला अधिक सयुक्तिक वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. चित्र वाढविण्याची सर्वांत निर्दोष रीत म्हणजे पूर्ण पट: मूळच्या एका ठिपक्याच्या जागी आडवे दोन व उभे दोन, किंवा तीन व तीन, असे नेमके सारखे ठिपके ठेवणे. अशाने कोणतीही रेषा दुसरीपेक्षा जाड होत नाही व कोठेही रंग मिसळत नाही. पट अपूर्णांकात गेली की अडचण सुरू होते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे २४० ठिपके रुंदीचे चित्र ६४० ठिपक्यांच्या पडद्याच्या दोन्ही कडांना भिडवावयाचे म्हटले तर पट येते दोन पूर्णांक दोन तृतीयांश. अर्धा ठिपका पडद्यावर पेटविता येत नाही, सबब यंत्र मूळच्या दर तीन ठिपक्यांना आठ ठिपक्यांची जागा वाटून देते, ती तीन, तीन, दोन अशी. तिफणीचा एक फण वाकडा असला म्हणजे पेरणीत एक तास दाटीने व दुसरा ऐसपैस पडतो, आणि पीक वर आल्यावर ते सगळ्या शिवाराला दिसते, तसाच हा प्रकार. एखाद्या खेळातील संवादाची चौकट उघडून तिच्यातील अक्षरांकडे डोळा जवळ नेऊन पाहावे: शेजारी शेजारी असलेल्या दोन उभ्या काड्या मुळात एकेका ठिपक्याच्या असूनही एक तीन ठिपके जाड आणि दुसरी दोन ठिपके जाड भरते. स्थिर चित्रात हे एक वेळ खपून जाईल. पण खेळातला देखावा सरकू लागला की ही जाड-बारीक जागा पडद्याला चिकटून राहते व चित्र तिच्यावरून वाहते, त्यामुळे भिंती, कुंपणे, विटांच्या ओळी यांवरून एक सूक्ष्म लहर धावत असल्याचा भास होतो. सुपर निन्टेन्डोच्या २२४ ओळी ४८० ओळींवर ताणल्या तर दर सात ओळींतील सहा ओळी दुहेरी आणि एक तिहेरी होते. उंच उडी मारताना हे विशेष खुपते.

ही लहर मोडण्यासाठी यंत्रात ‘बायलिनिअर फिल्टरिंग’ नावाची कळ असते. ती चालू केली म्हणजे शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळले जातात, लहर नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर चित्राची धारही नाहीशी होते. पुष्कळ यंत्रे कारखान्यातून निघतानाच ही कळ चालू ठेवून येतात. एक दोष घालविण्यासाठी दुसरा पत्करण्याचा हा सौदा मला मान्य नाही, कारण याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. त्याचे वर्णन पुढे येईल.

आजमितीस या यंत्रांत सर्वांत अधिक आढळणारा पडदा साडेतीन इंची, ६४० × ४८० ठिपक्यांचा. मियू मिनी प्लस, अ‍ॅनबर्निकचे आरजी३५एक्सएक्स, आर३६एस ही सर्व याच मापाची. तेव्हा याच पडद्यावर एकेक घराणे बसवून पाहू. (ज्या जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळा शिवारात, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतला प्रोटॉनच्या व्यासाहून कमी असा फरक ओळखणारी लायगो वेधशाळा उभी राहावयाची आहे, तेथल्या रहिवाशांना दहापर्यंतच्या पाढ्यांचे भय वाटण्याचे कारण नाही.)

पहिला प्लेस्टेशन येथे अगदी मुक्रर केलेल्या जागी बसावा तसा बसतो: ३२० × २४० ची दुप्पट म्हणजेच ६४० × ४८०. हे यंत्र यादी दाखविताना किंवा चित्रफीत चालविताना आपले माप मधेच बदलते, त्यामुळे त्याच्यापुरती पूर्ण पटीची सक्ती काढून चारास तीनचे प्रमाण कायम ठेवणे सोयीचे. मेगा ड्राइव्हही तसाच सुदैवी. त्याची दुप्पट ६४० × ४४८ भरते, आणि वर व खाली सोळा-सोळा ओळी रिकाम्या राहतात, ज्यांच्याकडे दोन मिनिटांनंतर लक्षही जात नाही. त्या सोळा ओळींच्या लोभाने चित्र ताणू नये, एवढीच विनंती.

फॅमिकॉमची दुप्पट ५१२ × ४८०. उंची तंतोतंत भरली, परंतु रुंदीत येथे मतभेदास जागा आहे. चौरस ठिपक्यांचा आग्रह धरणारे ५१२ वरच थांबतात, आणि त्यांचे चित्र धारदार असते यात शंका नाही. पण मारिओ मुळात दिसत असे त्याहून सडपातळ होतो. आठास सातचे प्रमाण पाळले तर रुंदी ५८५ होते. पूर्ण ६४० घेतली तर ठरलेल्या मापापेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक. माझी पसंती ५८५ ला आहे. उभी पट नेमकी दोन राहिल्यामुळे आडव्या ओळी सारख्या राहतात, आणि रुंदीत मूळच्या दर सात ठिपक्यांस पडद्यावरचे सोळा ठिपके मिळतात. त्यातून येणारी थोडी असमानता पुढे सांगितलेल्या उपायाने मिटते. सुपर निन्टेन्डोस हाच न्याय: उंची ४४८, रुंदी ५८५.

तळहाताच्या घराण्यात मात्र प्रमाणाचा वाद नाही. तेथे ठिपका चौरस होता तो चौरसच ठेवावा. गेम बॉयची तिप्पट ४८० × ४३२. डाव्या-उजव्या बाजूंस ऐंशी-ऐंशी ठिपके व वर-खाली चोवीस-चोवीस ओळी मोकळ्या राहतात, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. तरी हिशेब करून पाहावा: हेच चित्र चारी कडांना भिडविले तर रुंदी चौपट आणि उंची सव्वातीनपटीहून किंचित अधिक वाढते, म्हणजे प्रत्येक मुद्रा वीस टक्के रुंद होते, टेट्रिसच्या चौरस विटा आडव्या होतात. मूळ गेम बॉयचा पडदा कर्णाने सुमारे अडीच इंच होता. साडेतीन इंची पडद्यावरचे तिप्पट चित्रही त्याहून मोठेच भरते, आणि मोकळी जागा ज्यांना अगदीच सहन होत नाही त्यांनी तीत एखादी शोभेची चौकट लावावी, तशी सोय असते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची स्थिती या पडद्यावर सर्वांत अवघड. त्याची दुप्पट ४८० × ३२०, म्हणजे चारही बाजूंनी ऐंशी-ऐंशी ठिपके रिकामे. आणि रुंदी भरू जावे तर तो तीन-तीन-दोनचा घोळ. येथे मी पूर्ण पटीचा हट्ट सोडावा असे म्हणेन. रुंदी ६४०, उंची ४२७, आणि जोडीला सौम्य मिश्रणाचा उपाय, हा व्यवहार्य तोडगा आहे. ज्यांना प्रामुख्याने याच यंत्राचे खेळ खेळावयाचे आहेत त्यांनी यंत्र घेतानाच ७२० × ४८० पडद्याचे, जसे अ‍ॅनबर्निकचे आरजी३४एक्सएक्स, घ्यावे. तेथे तिप्पट नेमकी बसते.

त्या सौम्य मिश्रणाच्या उपायास ‘शार्प बायलिनिअर’ म्हणतात. त्याची रीत अशी की चित्र आधी पूर्ण पटीने वाढवावे व उरलेल्या अपूर्णांकापुरतेच, दोन ठिपक्यांच्या सीमेवरील एका बारीक पट्टीत, रंगांचे मिश्रण करावे. ठिपक्याचा गाभा स्वच्छ राहतो, सीमा किंचित मऊ होते, आणि सरकत्या देखाव्यातील लहर जवळजवळ दिसेनाशी होते. रेट्रोआर्च या एम्युलेटर-प्रणालीमध्ये हा शेडर, म्हणजे चित्रावर प्रक्रिया करणारी छोटी प्रणाली, तयार मिळतो. त्याच्या ‘सिंपल’ नावाच्या साध्या आवृत्तीने बहुतेक यंत्रांचे काम भागते. मियू मिनी जातीच्या यंत्रांत चित्रप्रक्रियेसाठी निराळी चिप नसल्यामुळे शेडर चालत नाहीत, सबब तेथे शक्य तितके पूर्ण पटीवरच भिस्त ठेवावी.

रेट्रोआर्च ही मुक्त प्रणाली या बहुतेक यंत्रांत आधीपासूनच असते, म्हणून कळांची नावे तिच्याच संदर्भात देतो. ‘सेटिंग्ज’मधील ‘व्हिडिओ’ व त्यातील ‘स्केलिंग’ येथे जावे. ‘इंटिजर स्केल’ चालू केले म्हणजे पूर्ण पटीचे बंधन लागू होते; नव्या आवृत्त्यांत हे बंधन केवळ उंचीस लावावे की रुंदीसही, हेही निवडता येते, आणि टीव्हीच्या घराण्यासाठी ते उंचीपुरते ठेवणेच इष्ट. त्याच पानावरील ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’मध्ये ‘कोअर प्रोव्हायडेड’ निवडले म्हणजे त्या त्या खेळयंत्राची नक्कल करणारी उपप्रणाली, जिला कोअर म्हणतात, आपले ठरलेले प्रमाण देते. फॅमिकॉमसाठीच्या एफसीईयूएमएम या कोअरमध्ये आठास सात की चारास तीन, हा पर्याय त्याच्या स्वतःच्या यादीत आहे. ‘फुल’ नावाचे प्रमाण म्हणजेच तो चारी कडांना ताणण्याचा हुकूम. ते निवडलेले आढळल्यास प्रथम काढून टाकावे. ‘बायलिनिअर फिल्टरिंग’ बंद करावे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. येथे केलेला फेरफार सरसकट सर्व खेळांस लागू होतो, आणि मेगा ड्राइव्हला मानवणारी व्यवस्था गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला मानवत नाही. खेळ चालू असताना उघडणाऱ्या ‘क्विक मेनू’मध्ये ‘ओव्हरराइड्स’ नावाचा विभाग आहे. तेथे ‘सेव्ह कोअर ओव्हरराइड्स’ केले की ती व्यवस्था त्या कोअरपुरती मर्यादित राहते. गेम बॉय व गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हे दोन्ही एमजीबीए या एकाच कोअरवर चालवीत असाल तर ‘सेव्ह कंटेंट डिरेक्टरी ओव्हरराइड्स’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे ज्या फोल्डरात खेळ आहेत त्या फोल्डरावर व्यवस्था बांधली जाते.

माप बरोबर बसले की नाही, हे डोळ्याच्या अंदाजावर सोडण्याची गरज नाही. आर्तेमिओ उर्बिना यांनी ‘२४०पी टेस्ट सूट’ नावाचा चाचणीसंच बनवून विनामूल्य खुला केला आहे, आणि फॅमिकॉम, सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स अशा अनेक यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या आहेत. तो खेळाप्रमाणेच सुरू करावा आणि त्यातील वर्तुळांचे पान उघडून पडद्यावर मुलांच्या कंपासपेटीतील पट्टी ठेवावी. वर्तुळाची रुंदी व उंची सारखी भरली तर प्रमाण ठीक. मग जाळीचे पान उघडावे: रेषा कोठे जाड कोठे बारीक दिसल्या तर पट अपूर्णांकात आहे, आणि कडेच्या रेषा गायब असतील तर चित्र बाहेर कापले जात आहे. दोन पानांत सगळा निकाल लागतो. शेजारच्या जाणकाराचे मत विचारण्यापेक्षा हे जलद होते, आणि त्यात भांडणाचा संभवही नाही.

कापल्या जाण्याविषयी दोन शब्द. जुन्या टीव्हीच्या काचेची कड चित्राचा काठ झाकीत असे, हे ठाऊक असल्यामुळे खेळ बनविणारे त्या काठाची फारशी निगा राखीत नसत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मध्ये उजव्या काठाशी चुकीच्या रंगांचे तुकडे उमटताना दिसतात. हा एम्युलेटरचा दोष नव्हे, मुळातच तसे आहे. अशा खेळांत कोअरच्या यादीतील काठ कापण्याचा पर्याय वापरून वर-खाली व डावी-उजवीकडील आठ-आठ ठिपके काढून टाकल्यास चित्र स्वच्छ होते. वर-खालचे आठ-आठ काढले की २४० ओळींच्या २२४ होतात, म्हणजे पडद्यावरची दुप्पट ४८० ऐवजी ४४८ भरेल, हे ध्यानात घेऊन पुढचा हिशेब करावा.

आर्केडचे, म्हणजे नाणे टाकून खेळावयाच्या उभ्या पेट्यांचे खेळ हे टीव्हीच्याच घराण्यातले, पण त्यांत ठिपका कधी कधी आडवा नसून उभट असतो. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ चे चित्र ३८४ × २२४ असून ते चारास तीनच्या काचेवर दाबून बसविलेले असे. चौरस ठिपक्यांनी दाखविले तर त्यातील मल्ल रुंद व ठेंगणे होतात. उंची दुप्पट, म्हणजे ४४८, आणि रुंदी प्रमाणाने येईल ती, म्हणजे ५९७, असे ठेवावे.

चित्र सुशोभित करणाऱ्या प्रक्रियांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ठिपक्यांचे कोपरे गोल करून तैलचित्राचा आभास आणणाऱ्या ‘एचक्यू२एक्स’ किंवा ‘२एक्ससाय’ अशा जुन्या गाळण्या अजून यादीत असतात. त्यांनी चेहऱ्यांचे मेण होते. मूळ चित्रकाराने सोळा ठिपक्यांत डोळा, भुवई व मिशी बसविण्यासाठी जो विवेक खर्च केला, तो या गाळण्या पुसून टाकतात. जुन्या टीव्हीच्या आडव्या रेषांचा आभास देणारे शेडर याहून पुष्कळ बरे. परंतु त्यांना जागा लागते. मूळच्या एका ओळीस पडद्यावर दोनच ओळी मिळत असतील तर त्यांतील एक उजळ व एक काळी करावी लागते आणि पडद्याचे निम्मे तेज जाते. चार किंवा अधिक ओळी मिळत असतील तरच रेषांना खरा उतार येतो. एप्रिल-मे महिन्यांत हिंगोलीच्या बसस्थानकावर दुपारी बसून खेळणाऱ्याने तर अशा रेषांचा विचारही करू नये. शेडरांनी बॅटरीही लवकर उतरते, आणि वीज केव्हा येईल याची शाश्वती नसेल त्या गावी हे गौण कारण नव्हे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पहिल्या यंत्रात पडद्यामागे दिवाच नव्हता, म्हणून त्याच्या खेळांचे रंग मुद्दाम भडक ठेवीत. आजच्या उजळ पडद्यावर ते डोळ्यांत भरतात, त्यासाठी कोअरमधील रंगदुरुस्तीचा पर्याय चालू करून पाहावा.

ज्यांच्यापाशी निराळे यंत्र नाही व मोबाइलवरच खेळावयाचे आहे, त्यांना पडदा मोठा मिळतो, पण मोह दुप्पट होतो. लांबट मोबाइल आडवा धरून चारास तीनचे चित्र काठोकाठ ताणले तर विसास नऊच्या पडद्यावर ते मूळच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश पट रुंद होते. त्याला चित्र म्हणणेही कठीण. स्वस्त मोबाइलमध्ये पडद्याची अरुंद बाजू ७२० ठिपक्यांची असते आणि आडवे धरल्यास ती फार उपकारक ठरते, कारण २४० ची तिप्पट व १४४ ची पाचपट दोन्ही नेमकी ७२० आहेत. महाग मोबाइलच्या १०८० मध्ये यांपैकी एकही नेमकी बसत नाही, ही एक गंमतच. तरीही काचेवर बोटांनी कळा दाबावयाच्या असतील तर मोबाइल उभा धरावा, असे मी सुचवीन: चित्र वरच्या भागात, कळा खाली, आणि अंगठ्याने चित्र झाकले जाण्याची भीती नाही. ७२० रुंदीच्या उभ्या पडद्यावर गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची तिप्पट ७२० × ४८० एकही ठिपका वाया न जाता बसते. १९८० चा ‘पॅक-मॅन’ तर मुळातच उभ्या पडद्याचा, २२४ × २८८ मापाचा. त्याची तिप्पट ६७२ × ८६४ होते, व तो उभ्या मोबाइलवर जसा शोभतो तसा हातातल्या इतर कोणत्याही यंत्रावर शोभत नाही.

यंत्र अद्याप घ्यावयाचे असेल, आणि सर्वच घराण्यांचे खेळ खेळण्याचा मानस असेल, तर १०२४ × ७६८ पडद्याचे यंत्र पाहावे; ट्रिमयूआय ब्रिक हे त्या मापाचे आहे. त्यावर गेम बॉयची पाचपट ८०० × ७२०, अ‍ॅडव्हान्सची चौपट ९६० × ६४०, मेगा ड्राइव्हची तिप्पट ९६० × ६७२ आणि फॅमिकॉमची उंची तिप्पट, म्हणजे ७२०, अशी सगळी मंडळी फारशी जागा न दवडता बसतात, आणि सव्वातीन इंचांत इतके ठिपके दाटलेले असल्यामुळे अपूर्णांकाचा दोषही उघड्या डोळ्यास क्वचितच जाणवतो. ७२० × ७२० असा चौकोनी पडदा गेम बॉयला उत्तम. टीव्हीच्या घराण्याला तो रुंदीत अपुरा पडतो, कारण फॅमिकॉमची तिप्पट रुंदी ७६८ होते.

खेळ कोठून आणावेत, हा प्रश्न या लेखाच्या कक्षेत पुरता येत नाही, तरी तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे संरक्षण संगणकीय प्रणालींस आहे, आणि यंत्रासोबत कार्डात भरून येणाऱ्या हजारो खेळांस मूळ मालकाची संमती असते असे समजू नये. चित्राच्या चाचणीसाठी तर नव्या कर्त्यांनी जुन्या यंत्रांकरिता बनवून खुशीने खुले केलेले खेळच वापरावेत. गेम बॉयसाठीचा २०१७ चा ‘टोबू टोबू गर्ल’ हा अशांपैकी एक असून, वर वर चढत जाणारा त्याचा देखावा लहर ओळखण्यास फार सोयीचा आहे.

सर्व व्यवस्था मनासारखी लागली म्हणजे यंत्रासोबत आलेले मेमरी कार्ड बदलून चांगल्या प्रतीचे घालावे, कारण स्वस्त कार्ड केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. आणि बदलण्यापूर्वी रेट्रोआर्चच्या फोल्डरातील ‘कॉन्फिग’ हे उपफोल्डर संगणकावर उतरवून ठेवावे. केलेले सगळे ओव्हरराइड त्यात असतात. मित्राचे यंत्र त्याच प्रणालीचे व त्याच मापाच्या पडद्याचे असेल तर तेच फोल्डर त्याच्या कार्डात घातल्याने त्याचे काम परस्पर होते. ६४० × ४८० साठी लावलेली व्यवस्था ७२० × ७२० च्या यंत्रात मात्र नेऊ नये, तेथे गुणाकार नव्याने करावा लागेल.